तोक्तेचा जन्मदाखला

आमच्या सान ओनोरातो गावात मूल जन्माला आलं की ते आधी रडत असे आणि मग माझ्याकडे येत असे. तेहेतीस वर्षं मी नोंदणी कचेरीच्या खिडकीमागं बसलो. मी, अबेलार्दो हातिवा, वहीत लिहीत नाही तोवर ते मूल कोण, कुणाचं, कुठलं, हे सरकारला ठाऊक नसे. लग्नं, मरणं, दत्तकं, सगळी माझ्या हाताखालून गेली. या हातानं कधी खोटी नोंद केली नाही, आणि एका साक्षीदारावर कुणाचं काम भागवलं नाही. दोन म्हणजे दोन. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं माझी जी शोभा झाली ती ऐकताना माझी मूळची पत काय होती हे ध्यानात असलेलं बरं.

सगळ्याचं मूळ एक नोगादा. नोगादा म्हणजे साखरेच्या पाकात अंड्याचा पांढरा बलक फेटून, त्यात तोक्ते घालून केलेली वडी. आणि तोक्ते म्हणजे आमच्या डोंगरातला अक्रोड, ज्याचं टरफल फोडताना दगड आधी फुटतो. माझी बायको तार्हेलिया हिच्या नोगादांचं ताट जत्रेत संताच्या पायाशी पहिलं जायचं. तोक्ते यायचे चौकातल्या जुन्या झाडाचे. ते झाड या सगळ्याच्या दोन वर्षं आधी वाऱ्यानं आडवं झालं, सुतारानं त्याची कपाटं केली आणि विषय संपला. त्या वर्षी तार्हेलियानं दुकानातले पाकिटातले परदेशी अक्रोड आणून वड्या केल्या. मी एक तोंडात टाकली. आता तेहेतीस वर्षं खरं लिहिलेल्या माणसाच्या तोंडून दुसरं काय निघणार? मी म्हणालो, "छान आहे. पण ही नोगादा नाही."

तिनं ताट उचललं. तिच्या आईची पितळेची मोठी कढई न घासताच माळ्यावर टाकली आणि पुन्हा काढली नाही. बोलली काही नाही. बोलली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, चार दिवस अबोला झाला असता आणि मिटलं असतं. पण हे मिटेना. हंगामात तोक्तेची हिरवी साल काढून तिची बोटं काळी व्हायची, डाग महिनाभर जायचे नाहीत. चर्चमध्ये हात जोडले की इतक्या बायकांत तिचे हात मला लांबून ओळखू यायचे. दोन वर्षं ते हात स्वच्छ होते, आणि खरं सांगतो, मला ते बघवत नव्हतं.

एक दिवस जेवताना मी म्हणालो, "मी तुला तोक्ते लावून देतो."

"फळं कधी येतात?"

"नीट निगा राखली तर पंधरा, फार तर अठरा वर्षांत."

"तुम्ही सहासष्टचे आहात, अबेलार्दो."

"मग? चौऱ्याऐंशीला दात शाबूत असलेली माणसं मी पाहिली आहेत. नोंदवली आहेत."

"मेल्याचीच नोंद केली असेल," ती म्हणाली आणि मला आणखी सूप वाढलं. पण ती हसली होती. मी ते बघितलं आणि शब्द देऊन बसलो.

शनिवारच्या बाजारात डोंगरावरून येणाऱ्या एका बाईकडे तोक्ते मिळाले, सालीसकट. तिनं दहा मोजून दिले आणि आमच्या बाजाराच्या रीतीप्रमाणं एक वर दिला. तो वरचा लहान होता आणि एका बाजूला वाकडा. फुकटचं ते तसंच असायचं, म्हणून मी काही बोललो नाही.

घरी येईपर्यंत शेजारचा सेगुंदो रेआस्कोस दारात उभा. सेगुंदोनं चाळीस वर्षं समुद्राकडची बस हाकली. पाठीमागं बसलेल्या हरतऱ्हेच्या माणसांच्या गप्पा ऐकून त्याला शेती, वैद्यकी, कायदा आणि बायकांचे स्वभाव या सगळ्यातलं सगळं कळतं. स्वतः त्यानं यातलं काही केलेलं नाही.

"सालीसकट भिजत घाल," तो म्हणाला. "आणि कोवळ्या चंद्रात लावू नकोस. कोवळ्या चंद्रात लावायचं नाही, कापायचं नाही, काही म्हणजे काही करायचं नाही. माझ्या मेहुण्यानं कोवळ्या चंद्रात केस कापले. आज त्याचं डोकं बघ."

त्याचं डोकं मी पाहिलं होतं. पुरावा भक्कम होता. मी पहाटे उठून अकरा तोक्ते अंगणातल्या धुण्याच्या हौदात सोडले आणि चंद्र निबर व्हायची वाट बघत बसलो.

हौदात तळाशी काही आहे का, हे बघायला हवं होतं, हे मला मान्य आहे. चर्चच्या वेदीवरचं पांढरं लेसचं कापड गावातल्या बायका पाळीपाळीनं धुतात, आणि त्या आठवड्यात पाळी तार्हेलियाची होती. कापड रात्रीपासून भिजत होतं. संध्याकाळपर्यंत हौदात कॉफी झाली होती, आणि ते कापड बाहेर काढलं तेव्हा गरिबीचं व्रत घेतलेल्या फ्रान्सिस्कन साधूच्या तपकिरी झग्याच्या रंगाचं होतं. तोक्तेचा रंग जात नाही. आमच्या डोंगरातल्या बायका लोकर त्यानंच रंगवतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं.

मी स्वतः ते घेऊन पाद्रीबाबांकडे गेलो. त्यांनी ते बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं. "आपला संत ओनोरातो तसा बिशप होता," ते म्हणाले. "पण गरिबीचं व्रत घ्यायला उशीर झाला असं कधी म्हणू नये." पुढच्या रविवारी कापड वेदीवर होतं आणि सगळी मंडळी संताकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

मग तोक्ते बादलीत आले. आठवड्यानं सेगुंदोनं येऊन सांगितलं, "तरंगतात ते पोकळ. फेकून दे." तीन तरंगत होते, त्यातला एक तो वाकडा. मी ते तिन्ही धुण्याच्या दगडामागं भिरकावले, जिथं सांडपाण्यावर पांढऱ्या लिलीचं रान माजलं आहे. उरले आठ. आठ कुंड्या आणल्या. माती सेगुंदोनं दिली, दोन पोती, स्वतः पाठीवरून आणून. "माझ्या सेद्रोच्या झाडाखालची आहे," तो म्हणाला. सेद्रो म्हणजे आमच्याकडचं इमारती लाकडाचं झाड, बी पापुद्र्याएवढं. "हिच्यात छत्रीची काठी रोवलीस तरी पालवी फुटेल."

चंद्र उतरणीला लागल्यावर मी आठ तोक्ते आठ कुंड्यांत पुरले. पहिला महिना काही झालं नाही. दुसरा गेला, तिसरा गेला. बेकरीत लोक मला नव्या सुनेला विचारतात तसं विचारायला लागले: "काय, काही बातमी?" मी "नाही अजून" म्हटलं की औषधांच्या दुकानातली इपातियाबाई हळहळून म्हणायची, "होईल हो. काहींना वेळ लागतो." बेकरीवाला तर मला एक दिवस म्हणाला की दोष नेहमी जमिनीचाच असतो असं नाही. मी तेव्हापासून पाव पलीकडच्या गल्लीतून आणायला लागलो.

आणि मार्चमध्ये तिसऱ्या कुंडीतून एक कोंब वर आला.

मी त्या दिवशी काय काय केलं ते सगळं सांगत नाही. बेकरीत मात्र गेलो, मुद्दाम गेलो, आणि काही न घेता परत आलो. दुपारपर्यंत अंगणात रीघ लागली. इपातियाबाईनं बाळंतिणीला देतात तसं गावठी कोंबडीचं सूप आणलं, आणि प्यायला दुसरं कुणी नसल्यामुळं ते मी प्यालो. मग तिनं रोपाला दृष्ट लागू नये म्हणून लाल फीत बांधली. सेगुंदोनं मक्याच्या दारूचा, म्हणजे चिचाचा, घडा आणून कुंडीत चार थेंब टाकले, बाकीचा आम्ही घेतला, आणि त्यानं जाहीर केलं की या बाळाचा धर्मबाप तो. आता धर्मबाप आला म्हणजे नातं आलं. तेव्हापासून तो मला 'कोंपाद्रे' म्हणायला लागला, म्हणजे व्याही म्हणा ना, आणि व्याह्याच्या हक्कानं रोज सकाळी कॉफीला यायला लागला. तार्हेलिया कुंडीला पाणी घालायची, बोटानं माती चाचपायची आणि गप्प असायची. मला वाटलं, आनंदानं गप्प आहे.

इथवर ठीक होतं. पण ही बातमी पंचायतीच्या अध्यक्षांच्या कानावर गेली. ऑगस्टात संताची जत्रा, जत्रेला प्रांतातले मोठे लोक येणार, आणि त्यांना दाखवायला अध्यक्षांकडे अर्धवट बांधलेल्या स्वच्छतागृहाशिवाय काही नव्हतं. "हातिवासाहेब," ते माझा हात धरून म्हणाले, "हे झाड आता तुमचं राहिलं नाही. हे जनतेचं झालं. पडलेल्या झाडाच्या जागी चौकात लावायचं." मी तार्हेलियाकडे बघितलं. ती म्हणाली, "चौकातलं झाडही आपलंच होतं की." मी होकार दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी संगमरवरी फलक सांगून टाकला: 'तोक्ते. सान ओनोरातोच्या कृतज्ञ जनतेकडून.' तोक्ते मात्र राखीव जातीचं झाड. सार्वजनिक जागी लावायचं तर ते तोक्तेच आहे असा दाखला लागतो, आणि दाखला वनखात्याच्या कचेरीतून आणायचा. अध्यक्ष म्हणाले, "दाखल्याचं तुम्हाला काय सांगायचं?" खरंच होतं. खिडकीच्या या बाजूला मी आयुष्यात प्रथमच उभा राहणार होतो, एवढंच.

कुंडी बरोबर न्यायला तार्हेलियानं साफ नकार दिला. चाळीस दिवस झाल्याशिवाय बाळाला घराबाहेर काढत नाहीत. म्हणून मी एक पान आणि एक फोटो घेऊन गेलो. खिडकीत एक तरुण बाई होती, निळी शाल, दोन पदरी सोनेरी मण्यांची माळ, समोर पाटी: इंजिनियर नेली पेरुगाची. तिनं पान हातात घेतलं, फोटो पाहिला.

"एवढ्याशा रोपावरून दाखला देता येत नाही. फूल आणा किंवा फळ आणा."

"फळ यायला अठरा वर्षं लागतात, बाई."

"आम्ही रोज आठ वाजता उघडतो," ती म्हणाली.

मी समजावून सांगितलं. तिनं समजून घेतलं, आणि मग तीही समजावून सांगायला लागली. लहानपणी तोक्ते काय, सेद्रो काय, सारखेच दिसतात, पानांची ठेवणही तीच. खात्री करायची तर कांडी उभी चिरायची. आतल्या गाभ्यात शिडीसारखे आडवे पडदे दिसले तर तोक्ते.

"त्याला एकच कांडी आहे. चिरल्यावर झाड राहील का?"

"दाखला राहील."

तिनं पान परत माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "तुम्ही मला ओळखलं नाहीत, हातिवासाहेब. माझी नोंद तुमच्याच हातची आहे. माझ्या वडिलांना तुम्ही चार फेऱ्या घालायला लावल्यात. दुसरा साक्षीदार नव्हता म्हणून."

"नियम होता," मी म्हणालो.

"होताच ना. वरच्या वस्तीवरून पायी तीन तास. चौथ्या खेपेला त्यांनी वाटेत भेटलेला एक मेंढपाळ धरून आणला, मेंढ्यांसकट. मी नऊ महिन्यांची झाल्यावर तुमच्या वहीत जन्माला आले."

ती हे चिडून बोलली असती तर मीही काही बोललो असतो. मला त्या मेंढ्या आठवत होत्या. कचेरी झाडून घ्यावी लागली म्हणून मी कुरकुरलो होतो, तेही आठवलं. तीन तास पायी, हे मात्र मी कधी विचारलंच नव्हतं. शेवटी तिनंच वाट काढली. झाड लावायच्या दिवशी ती स्वतः येईल. मी प्रतिज्ञापत्र भरायचं, झाडाची जात माझ्या जबाबदारीवर लिहायची, खाली सही करायची. "आणि दोन साक्षीदार," ती म्हणाली. मी मान डोलावली आणि बस पकडली.

घरी येऊन मी फक्त सेगुंदोला सांगितलं की ते रोप सेद्रोही असू शकतं. फक्त सेगुंदोला सांगणं म्हणजे काय, हे मला इतक्या वर्षांनी कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पहिला तज्ज्ञ आला. "पान चुरडून हुंगलं की लगेच कळतं," असं म्हणून त्यानं पान तोडलं, चुरडलं, हुंगलं आणि त्याला काही कळलं नाही. मग त्याची बायको आली. खाटीक म्हणाला, लसणाचा वास येतोय, म्हणजे सेद्रो. पण खाटकाच्या हाताला एरवीही लसणाचा वास असतो, म्हणून ती साक्ष मी धरली नाही. इपातियाबाईला औषधाचा वास आला. सेगुंदोनं धर्मबापाच्या हक्कानं एक पान चावून खाल्लं आणि म्हणाला, "कडू आहे. तोक्तेच. रक्ताला रक्त ओळखतं." सोमवारी अकरा पानांचं रोप होतं, रविवारी तीन उरली. मी कुंडीशेजारी खुर्ची टाकून काठी घेऊन बसायला लागलो, आणि लोक म्हणायला लागले की हातिवा निवृत्तीनंतर बिघडला.

दुष्काळात तेरावा महिना म्हणून अध्यक्षांनी खड्ड्यासाठी मिंगा पुकारली. मिंगा म्हणजे साऱ्या गावानं कुदळफावडी घेऊन एका कामाला लागायचं. तिला कुणी नाही म्हणत नाही, आणि पुरे कधी करायचं हेही कुणी सांगत नाही. हातभर रोपाला वीतभर खड्डा पुरला असता. पण साठ माणसं, तीन घागरी चिचा आणि प्रत्येकाला आपली कुदळ दाखवायची. दुपारी दोनला सेगुंदोच्या घावानं पाण्याची मुख्य नळी फुटली. अध्यक्ष खड्ड्यातून भाषण करत होते, ते कमरेइतके भिजून वर आले. चार दिवस गावाला पाणी नव्हतं. जत्रेची धुणी, भांडी, पाहुणे, सगळं तसंच. नळी सेगुंदोनं फोडली, पण नाव झालं माझं. चौथ्या दिवशी पाद्रीबाबा म्हणाले, "हातिवा, तुमच्या झाडानं आम्हाला वाळवंटही दाखवलं."

एवढं सगळं सोसून जत्रेचा दिवस उजाडला. मी काळा कोट घातला. शाई भरलेलं जुनं पेन खिशाला लावलं. आरशात बघून म्हटलं, होऊ दे एकदाचं. तेवढ्यात तार्हेलिया दारात आली आणि म्हणाली, "जरा अंगणात या."

"उशीर होतोय."

"म्हणूनच म्हणते, आत्ताच या."

ती तिसऱ्या कुंडीपाशी थांबली. "याच्या बुडाशी टरफल नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तुम्ही अक्रोड पुरलात. अक्रोडातून झाड आलं तर फुटकं टरफल मुळाशीच राहतं, किती दिवस राहतं. मी पाणी घालताना रोज माती चाचपते. यात टरफल नाही. तुमचा अक्रोड उंदरानं कधीच नेला असेल. हे सेगुंदोच्या सेद्रोचं बी आहे, त्याच्याच मातीतून आलेलं."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. मी खुर्चीत बसलो. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"तुम्ही बाळंतिणीचं सूप प्यालात त्या दिवसापासून."

"आणि बोलली नाहीस? सगळं गाव हुंगून गेलं, मी त्या मुलीसमोर मान खाली घालून आलो, पाण्याची नळी फुटली..."

"तुम्ही निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा सकाळी शीळ घालत होतात," ती म्हणाली. "मला नाही सांगवलं."

तिनं माझी बाही धरून मला धुण्याच्या दगडामागं नेलं आणि लिलीची पानं बाजूला केली. तिथं वीतभर उंचीचं एक रोप होतं, ताठ, सगळी पानं जागच्या जागी. कुणी हुंगलं नव्हतं त्याला.

"हे एप्रिलपासून आहे," ती म्हणाली. "माझी खात्री नव्हती. आज सकाळी बुडाशी बोट घातलं."

तिनं बोट पुढं केलं. उजव्या हाताची तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत काळी झाली होती. दुसऱ्या हातात मातीनं माखलेलं अर्धं टरफल होतं, लहान, एका बाजूला वाकडं. बाजारातल्या बाईनं वर दिलेलं, सेगुंदोनं पोकळ ठरवलेलं, मी फेकलेलं.

"हे तरी सांगायचंस," मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर पाव तासात सेगुंदो चाखायला आला असता."

चौकात बँड सुरू झाला. आता मी काही साधू नाही. जे मनात आलं ते सांगतो. मी म्हणालो, "अजून अर्धा तास आहे. हेच उपटून कुंडीत लावू. कुणाला कळणार आहे? चौकात खरं तोक्ते लागेल, फलक खरा ठरेल, माझी सही खरी ठरेल."

ती नाही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "तोक्तेचं मूळ सरळ खाली जातं. उपटताना तुटलं तर तुटलं." आणि ती त्या काळ्या बोटाकडे बघत राहिली. ते तिनं शालीला पुसलं नव्हतं. मी लिलीची पानं पुन्हा होती तशी केली, सेद्रोची कुंडी उचलली आणि चौकाकडे निघालो. वाटेत मला घाम फुटला होता, आणि कुंडी काही तेवढी जड नव्हती.

चौकात सगळं तयार. फलकावर झेंडा टाकलेला, पाहुणे खुर्च्यांवर, टेबलाशी नेली पेरुगाची कागद घेऊन बसलेली. अध्यक्षांनी माझ्याबद्दल चार गोड शब्द सांगितले. तिनं कागद माझ्यापुढं सरकवला. 'झाडाची जात' या रकान्यावर माझं पेन थांबलं. मग मी उभा राहिलो.

"हे तोक्ते नाही," मी म्हणालो.

बँडमधल्या एकाच्या तुतारीतून उगाच एक सूर निघाला. खाटीक शांतपणे म्हणाला, "मी लसूण म्हणालो होतो." अध्यक्ष माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हातिवासाहेब, फलक संगमरवरी आहे."

"असू दे. मी खोटी नोंद करत नाही." मी बसलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचत लिहिलं: "जात, सिद्ध नाही. आईबाप, अज्ञात."

मागून कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. माझे कान तापले. मान वर करायची हिंमत नव्हती. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि सेगुंदो पुढं आला, जत्रेची टोपी हातात, चेहरा लाल.

"अज्ञात?" तो म्हणाला. "माझ्या धर्मलेकराला साऱ्या गावापुढं अज्ञात लिहितोस? माती कुणाची होती?"

"तुझी."

"कुठली होती?"

"तुझ्या सेद्रोखालची."

"मग लिही. हे माझ्या सेद्रोचं आहे, मी राजीखुशीनं मान्य करतो. आपलं ते आपलं, पदरात घ्यायला लाजायचं कशाला? आणि खाली माझं पूर्ण नाव घाल."

तेहेतीस वर्षांत असे कबुलीचे जबाब मी पुष्कळ लिहून घेतले होते, पण इतक्या तोऱ्यात कुणी दिलेला नव्हता. मी 'अज्ञात' खोडलं, खोडल्याजागी आद्याक्षरांची सही केली आणि लिहिलं. सेगुंदोनं सही केली. मी केली. नेलीनं कागद उचलून वाचला, खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, "एकच साक्षीदार दिसतो."

मी आजूबाजूला बघितलं. खाटीक अजून लसणाचं सांगत होता. इपातियाबाई चष्मा शोधत होती. नेलीच्या मागं एक म्हातारा उभा होता, काळी टोपी, पांढरी विजार, लांब वेणी. तो पुढं आला, माझ्या हातातून पेन घेतलं आणि सावकाश, एकेक अक्षर लावून नाव लिहिलं. पेरुगाची. मग पेन मला परत देऊन म्हणाला, "बघा साहेब. या वेळी एकाच फेरीत झालं."

मी उठून उभा राहिलो. "बसा," मी म्हणालो, "माझ्या खुर्चीत बसा." आणि तो बसला.

सेद्रो लागला. छान लागला, आता माझ्या खांद्याला येतो. फलकाखाली अध्यक्षांनी एक छोटी लाकडी पाटी ठोकली आहे: 'वरील मजकूर पूर्वीच्या झाडाविषयी.' सेगुंदो पाहुण्यांना हात धरून आपला नातू दाखवायला नेतो.

त्या दिवशी मी घरी आलो तेव्हा तार्हेलिया धुण्याच्या दगडापाशी पाटावर बसली होती. पितळेची कढई माळ्यावरून उतरवलेली, आतून काळीहिरवी, आणि ती लिंबू आणि राख घेऊन घासत होती. कडेला काळ्या बोटाचे ठसे उमटत होते, ते ती पुन्हा पुसत होती.

"अठरा वर्षं आहेत अजून," मी म्हणालो.

"ठाऊक आहे मला. कढई किती खराब झालीय बघा. आत्ता घासायला घेतली तर तेवढ्यात होईल."

मी कोट काढला, बाह्या सारल्या आणि समोर बसून दुसरी बाजू घासायला घेतली.